चालू नाहीत, दोन्ही मिळून

ओर्टविनच्या शेडमध्ये, मधमाश्यांच्या रिकाम्या पेट्यांमागे,
दोन श्वाल्बे उभ्या आहेत.
श्वाल्बे म्हणजे पाकोळी.
जुन्या राजवटीत आमच्याकडे स्कूटरला पाखरांची नावं देत;
सीमा ओलांडायची मुभा तेव्हा पाखरांनाच होती.

एक निळी. दुसरी धुळीखाली हिरवट असावी.
निळीचं इंजिन जाम.
हिरवीला कार्ब्युरेटर नाही, दिवा नाही,
आणि सीटखाली उंदरानं संसार मांडलेला:
वर्तमानपत्राच्या चिंध्या, अक्रोडाचं अर्धं टरफल,
एक तारीख तेवढी शाबूत, सतरा मे.

“अकराशे युरो,” ओर्टविन म्हणतो, “दोन्ही मिळून.
सुट्या देणार नाही. बहिणी आहेत त्या.”
बहिणी कसल्या!
एकीचं पोट फाडून दुसरीला जगवायची,
हे त्यालाही ठाऊक, मलाही.

मी चौतीस वर्षं माणसांचे दात घडवले
श्माल्काल्डनच्या प्रयोगशाळेत, खिडकीशी बसून.
आधी मेणाचा, मग चिनी मातीचा, मग घासत राहायचं.
तोंडाचा मालक कधी दिसायचा नाही,
प्लॅस्टरमध्ये उमटलेला त्याचा चावा तेवढा यायचा.
त्यामुळे कार्ब्युरेटरचं मला भय नाही.
पितळी जेटचं भोक केसाएवढं असतं,
त्यात सुई खुपसायची नाही, ते मोठं होतं.
भिजत घालावं, फुंकावं, वाट पाहावी.

फोल्कमार गाडीतून उतरलाच नाही.
काच अर्धी खाली करून म्हणाला,
“तळघरात अकॉर्डियन पोट उघडून पडलंय.
आणि ती घड्याळं किती, चार?”
पाच.
पण मी त्याची चूक काढली नाही.

पावतीच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशोब मांडला:
पिस्टन, सिलिंडर, चार टायर, वायरिंग,
सगळी रबरं, सगळी सीलं.
बेरीज बावीसशेवर गेली तेव्हा ‘इतर’ खोडून टाकलं.
तेवढ्यात तर चालती मिळते.
झूलमध्ये एकजण विकतोय, लाल, कागदपत्रांसकट,
एका किकमध्ये सुरू.
पण तिचं मी करू काय?
बसून फिरू?

खरं सांगायचं तर मला कुठेच जायचं नाही.
मला नोव्हेंबर ते मार्चच्या संध्याकाळी हव्यात.
रॉकेलच्या डब्यात बुडवलेले भाग,
आणि सोमवारी हटून बसलेला,
गुरुवारी बोट लावताच सुटणारा एखादा नट.

मात्र उजव्या अंगठ्याचा सांधा आता कुरकुरतो.
आणि ती पाचही घड्याळं
शेवटच्या एका चाकाशी येऊन थांबली आहेत.
त्यांचं काही बिघडलं नव्हतं. मीच थांबले.
शेवटच्या स्क्रूपाशी उठून जाणारी बाई आहे मी,
हेही धरायला हवं होतं खर्चात.

ओर्टविननं पाना दिला. निळीचा प्लग काढून पाहिला:
काळा, तेलकट, सिगारेट ओढणाऱ्याची दाढ जशी.
मग हिरवीच्या किकवर पाय दिला.
खाली गेला, आणि अर्ध्यावर
एक मऊ अडथळा.
आत कुणीतरी श्वास धरून बसलेलं.
पुन्हा दिला. पुन्हा तसंच.
ओर्टविन मुद्दाम पेट्यांकडे बघत राहिला,
धंद्यात मुरलेला माणूस.

“उद्या फोन करते,” मी म्हणाले.
हे वाक्य मी दुकानांत नेहमी नाही म्हणायला वापरते.

घरी कोट काढताना खिशात काही जड लागलं.
निळीचा प्लग.
चोरी नव्हे, विसरले. परत द्यायला जावंच लागेल.
टेबलावर कागद पसरून त्यावर ठेवला.

फोल्कमारनं चष्मा वर करून पाहिलं.
“कुणाचा?” त्यानं विचारलं,
मी घरी आणलेल्या दातांबद्दल विचारायचा तसं.
मग उठला, न्हाणीघरात बराच वेळ खुडबुड केली,
आणि एक जुना टूथब्रश आणून
त्या कागदाच्या कडेला ठेवला.