दोना पावलाच्या टेकडीवर, दुपारी अडीच

समोर पस्तीस जण, सगळे समुद्राचे.
कुणी गाळाचा, कुणी प्रवाळाचा,
कुणी खारं-गोडं पाणी मिसळतं तिथला.
जेवणाला इसवणाचं हुमण झालेलं. डोळे जड.
मी फळ्यावर लिहिलं: सहा क्वार्क, सहा लेप्टॉन,
त्यांच्यात निरोप नेणारे चार, आणि एक हिग्ज.
"एवढंच?" मागून कुणीतरी.
एवढंच. आणि त्यातलेही बहुतेक
आपल्या कुणाच्याच अंगात नाहीत.

प्रोटॉनला मी रापण म्हटलं.
तीन क्वार्कांचं स्वतःचं वजन शंभरातलं एक,
बाकी सगळी ओढाताण.
ताणून दोर तोडलात,
तर तुटल्या टोकाला नवा क्वार्क आलेला असतो.
हे त्यांना पटलं.
दोघातिघांनी लहानपणी रापण ओढली होती.

हिग्जवर आलो आणि घसरलो.
म्हणालो, मांडवीच्या चिखलात पाय जड होतात ना, तसं.
एफिजेनिया कुलासो, तीस वर्षं चिखल मोजलेल्या,
चष्मा काढून म्हणाल्या,
"चिखलात वेग मरतो, बाबा.
तुझा इलेक्ट्रॉन थांबतो?"
थांबत नाही.
"मग चिखल म्हणू नको."
मी फळा पुसला.

वेरेकरांनी पडदे ओढले.
काचेची पेटी, माझ्या घरची, मासे वारल्यावर रिकामी पडलेली.
तळाशी सुका बर्फ,
वास्कोच्या कोळंबीच्या कारखान्यातून मागून आणलेला.
वर स्पिरिटात भिजवलेला नमदा.
टॉर्च आडवा.
दहा मिनिटं काही नाही.
कुणीतरी खोकलं.
मग एक रेघ,
पांढरी, सरळ,
आणि विरली.

म्युऑन, मी म्हणालो.
पंधरा किलोमीटर वर जन्मला.
सेकंदाचे दहा लाख तुकडे करा, त्यातले दोन, एवढं आयुष्य,
त्याच्या घड्याळानं.
आपल्या घड्याळानं बरंच जास्त, म्हणून तर पोचला.
हात धरा. तळव्यातून दर सेकंदाला एखादा जातो.
पस्तीस तळवे पुढे आले,
तीर्थाला धरतात तसे.
कुणाला काही जाणवलं नाही.

चहा आला, निवला.
कुलासोबाई पेटीपाशीच,
वहीत उभ्या रेघा मारत,
चार झाल्या की पाचवी आडवी.
"खाली जातो हा?"
जातो. स्लॅबमधून, जांभ्यातून.
"माझ्या गाळातही?"
हो.
"किती खोल?"
खरं सांगतो,
एवढंच तेवढं माझ्या टिपणांत नव्हतं.