लंगडी

टिसा नदीकाठी, सर्कशीच्या हिवाळी गोठ्यात,
जिथं पूर्वी उंट बांधत,
तिथं मी कुत्रा निवडायला बसले.
म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन. समोर कुत्रा एकही नव्हता.

पूडल आईचे. पांढरे, चार पिढ्यांचे,
गोंडे कातरलेले, मागच्या पायांवर वॉल्ट्झ नाचणारे.
शेवटची मादी गेली
त्या दिवशी आईनं कात्री नदीत टाकली.
त्या जातीला मी हात लावणार नव्हते.

बॉर्डर कॉली? शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात,
याला शब्दही लागत नाही.
पापणी हलली की काम उरकून येतो
आणि डोळ्यांनी विचारतो: पुढे?
सत्तावन्नाव्या वर्षी माझ्याकडं
एवढं पुढे शिल्लक नाही.

टेरियरच्या पोटात स्प्रिंग असते, पण उंदीर दिसला
की तंबू, तिकिटं, मी, सगळं रद्द.
हस्की सगळं समजून घेतो आणि मग नाही म्हणतो.
(तुझ्यासारखाच, म्हणाला चुलतभाऊ गेलेर्त.)

उरला पुमी. मेंढ्या हाकणारा, कुरळा,
कान उभे पण टोकाला मुडपलेले,
वाचता वाचता कुणी पानाचा कोपरा दुमडावा तसे.
भुंकतो फार. शेपूट पाठीवर गुंडाळलेलं.
नळीत घालायची गरज नव्हती,
मला ते वाकडंच हवं होतं.

कार्त्सागच्या बाईकडं सात पिल्लं.
मी किल्ल्यांचा जुडगा पाडला.
पाच पळाली, एक झोपूनच राहिलं.
एकानं किल्ल्या हुंगल्या, आणि मान वर करून
त्या जिथून पडल्या तो हात पाहिला.
त्याला घेतलं. मिरीसारखा काळा, म्हणून बोर्श.

पहिला आठवडा: रिंगकडं नुसतं बघ.
क्लिक. नखाएवढा सॉसेजचा तुकडा.
दुसरा: रिंगमध्ये नाक. क्लिक.
उडी फार लांबची गोष्ट.
आणि क्लिक अर्धा क्षण उशिरा पडला
तर बक्षीस उडीला जात नाही,
उडीनंतरच्या जांभईला जातं,
मग जन्मभर ती जांभई सांभाळत बसा.
आई हे ओरडून सांगायची. मी हळू सांगते.
बोर्शला दोन्ही कळत नाही. त्याला सॉसेज कळतं, आणि वेळ.

मार्चमध्ये तो लंगडायला लागला.
पुढचा डावा पाय टेकवेना.
विल्मोश डॉक्टरनं पंजा उलटापालटा केला,
काटा नाही, सूज नाही, बिल मात्र आहे.
घरी धावायचा नीट. गोठ्यात शिरला की लंगडा.

मला कळायला तीन दिवस लागले.
झुल्यावरून पडले त्याला एकोणीस वर्षं झाली.
तेव्हापासून डाव्या पावलाला मी जराशी बुडते,
आणि बुडताना माझा हात
बरोबर त्याच्या तोंडाशी येतो.
सगळे तुकडे त्याला त्याच ठेक्यावर मिळाले होते.
मी रिंग शिकवत होते,
तो मला शिकत होता.

मोडता येतं हे. तुकडा बंद केला
की पंधरा दिवसांत झिजतं.
मोड, गेलेर्त म्हणाला, लोक हसतील.

हसलेच. सेन्तेशला, पहिल्याच खेळात,
पुढं मी, मागं तो,
एकाच मापानं बुडत अख्ख्या रिंगणाची फेरी.
आधी पोरं हसली, मग आया,
मग ड्रमवाल्यानं ताल आमच्या पायांना जुळवला.
पहिल्या रांगेतला एक म्हातारा तेवढा हसला नाही,
मांडीवरची काठी त्यानं खाली ठेवली
आणि पुढं वाकून बघत राहिला.

मधोमध मी थांबले. तोही थांबला, पाय अधांतरी.
नजर माझ्या हातावर.
खिशात अंगठा क्लिकरवर.
दाबला, तर ही चाल कायमची.
नाही दाबला, तर पंधरा दिवस.

तेवढ्यात त्याला जांभई आली,
चांगली लांब, जीभ वळवून.

मी दाबला.