ब्र न काढणारं अक्षर

शाळेची पिवळी बस कुंपणाशी हळू होते, थांबत नाही.
चालक स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलतो,
मी खिडकीतून पीठ लागलेला हात.
एवढाच आमचा सरकारी शाळेशी संबंध.

टेबलावरचं लापशीचं भांडं सरकवलं
की स्वयंपाकघराची शाळा होते.
आधी प्रार्थना, मग शुद्धलेखन.
मॉन्टानातला मार्च, काचेला आतून बर्फ.
तिर्झा स्पेलिंग म्हणते जिना उतरल्यासारखं, एकेक पायरी.
आसा नऊ वर्षांचा आहे, आणि अक्षरं
त्याच्यापुढे मेंढरांसारखी फाटक मोडून पळतात.

‘लँब,’ मी म्हणते. कोकरू.
तो लिहितो: एल, ए, एम. पेन्सिल खाली ठेवतो.
‘आणि बी?’
‘ऐकू नाही आला.’
‘येतच नाही. पण असतो.’
‘मग कशाला असतो?’

चर्चच्या तळघरातल्या विक्रीत
दोन डॉलरला मिळालेल्या माझ्या मार्गदर्शिकेत
याचं उत्तर नाही.
पान चव्वेचाळीस म्हणतं: पाच वेळा लिहून घ्या.
घेतलं. पाचही वेळा बी मूग गिळून बसला
शब्दाच्या दाराशी,
जसा लिंडन बसतो जेवणाआधी.
धाकटा भाऊ धान्याच्या कोठीत गाडला गेला
त्या वर्षापासून
आम्ही सगळे ‘आमेन’ म्हणतो, तो ब्र काढत नाही.
पण मान खाली घालतो, आणि टोपी
गुडघ्यावर. नेहमी.
हे मी मुलांना उदाहरण म्हणून सांगितलं नाही.

त्या रात्री तिसऱ्या मेंढीला जुळी झाली.
पहिलं ओरडलं. दुसरं नाही.
आसानं ते गोणपाटानं चोळलं,
नाकातला चिकटा करंगळीनं काढला,
आणि ओव्हनचं दार उघडून
त्या उबेपुढे मांडीवर घेऊन बसला.
झोपायला जा, असं मी म्हटलं नाही.
पहाटेपर्यंत कोकराच्या गळ्यात आवाज नव्हता,
फक्त पोट. वर. खाली.
लिंडन बूट न काढता दारात उभा होता.
‘चोळत राहा,’ म्हणाला.
दोन शब्द. त्याच्या मानानं भाषणच.

सकाळी वही उघडी, पानावर आयोडीनचा डाग.
एल, ए, एम, आणि शेवटी
त्यानं आपणहून घातलेला बी,
पोट भलत्याच बाजूला आलेला.
डी झालेला.

लाल पेन्सिल माझ्या हातात होती.
ओव्हनशेजारच्या खोक्यात काहीतरी हललं.
‘आई, तो चुकलाय,’ तिर्झा म्हणाली.
‘हो,’ म्हटलं. ‘उद्या.’

पावाचं पीठ फुगून झाकणाला टेकलं होतं.
ओव्हन कुणी मागितला नाही.