कोपरा दाबून धरा

एकतीस वर्षं धनकवडीत
माझं मेडिकल होतं.
डोळ्याचे थेंब मी काउंटरवरून
सुट्टे पैसे सरकवावेत तसे सरकवायचे.
"सकाळी एक, रात्री एक. पुढचं कोण?"

खोक्यातलं पत्रक,
घड्यांवर घड्या, पतंगाच्या कागदासारखं पातळ,
गिऱ्हाईक पायरीवरच टाकून जायचं.
संध्याकाळी मी ते झाडून काढायचे.

आता तेच पत्रक माझ्या पुढ्यात,
अक्षरं मुंगीएवढी.
ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी
इतकं बारीक छापायचं
हे ठरवलं तरी कोणी?

डॉक्टर मिसार माझ्या मुलीच्या वयाच्या.
म्हणाल्या, डोळ्यात पाणी तुंबतंय, मावशी.
नळ चालू आहे, मोरीचं भोक बुजत चाललंय.
एक औषध नळ जरा आवळतं,
एक मागच्या दारानं वाट काढून देतं.
गेलेली नजर कुठलंच परत आणत नाही.
हे शेवटचं त्या हळू बोलल्या.
मी काउंटरवर कधी बोललेच नव्हते.

थेंब पडला की डोळा मिटायचा,
नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा.
दोन मिनिटं.
नाही धरला तर घशात कडू उतरतं,
कारल्याचं नाही,
तोंडात धरलेल्या जुन्या नाण्यासारखं.

शाळेच्या सहलीत दाखवलं होतं:
कात्रजच्या तळ्यातून निघालेलं पेशव्यांचं पाणी
जमिनीखालून चालत
थेट शनिवारवाड्यापाशी वर यायचं.
वाटेत हवेसाठी बांधलेली धुराडी,
त्यांना म्हणे उच्छ्वास म्हणतात.
डोळ्यालाही खालून असा नळ आहे.
थेंब घालावा इथे
आणि तो निघावा भलत्याच पेठेत,
नाकात, घशात,
हृदयाच्या ठोक्यात.
छातीत.

अंबादास जाविर.
लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे.
टिमोलॉलची बाटली मीच दिली.
चिठ्ठीवर होती, दिली.
दमा आहे का, एवढं विचारायला
दोन सेकंद लागतात.
मागे सात जण होते.

पंधरा दिवसांनी आले.
"ताई, मुखडा निघतो, अंतरा निघत नाही.
वाद्यच जड झालंय."
मी म्हटलं, वय झालं, काका.
खोकल्याची बाटली दिली,
पैसेही घेतले.

ससूनमध्ये एका शिकाऊ पोरानं
खिसे रिकामे करायला लावले
तेव्हा ती बोटभर बाटली निघाली.

बदललेलं औषध घ्यायला ते माझ्याकडेच आले.
भांडले असते तर बरं झालं असतं.
दोनेक महिन्यांत पापण्यांचे केस वाढले,
लांब, काळेभोर, वळलेले.
"घोडीवरचा नवरदेव सोडून
बाया माझ्याच डोळ्यांकडं बघतात!"
असं म्हणून पोटभर हसले.
तो श्वास मी शेवटपर्यंत ऐकला.

आता माझ्याही डाव्या डोळ्याला तेच औषध.
फ्रिजच्या दारात, लिंबांशेजारी.
उघडल्याची तारीख पट्टीवर लिहिलेली,
चार आठवडे झाले की उरलेलं फेकायचं,
आणि मला आयुष्यात काही फेकवत नाही.
डावी पापणी दाट झालीय, खाली काळसर सावली.
नणंद विचारते, एकाच डोळ्यात काजळ?
मी म्हणते, हो, दुसरा डोळा मला ओळखतो.

काल जुन्या दुकानात गेले.
काउंटरवर नवा मुलगा, कानात इअरफोन.
या वेळी चिठ्ठीवर टिमोलॉलही होतं.
त्यानं बाटली सरकवली.
"सकाळी एक, रात्री एक. पुढचं कोण?"

मी हलले नाही.
"विचार," म्हटलं.
"काय विचारू, मावशी?"
"दमा आहे का, ते."
"आहे का?"
"मला नाही. पण तू विचार."

मागे आठ जण होते, मी मोजले.
एक म्हणाला, अहो, चला की.