साठात एक

धुण्यातून आईनं काढला पेन्सिलीचा तुकडा,
पांढऱ्या शर्टाच्या खिशातला, बोटाच्या पेराएवढा.
"एवढं कोट्यवधींचं विमान ने, त्यात ही?"
दांडिया बाजारातल्या आमच्या गॅलरीत सकाळचे सात,
माझ्या अंगात अजून मॉरिशसचे साडेपाच.
सांगते म्हटलं. आधी चहा दे.

आधी उपग्रह गेले.
गेले म्हणजे पडद्यावर एक पिवळी ओळ आली,
मी जेवणाचा ट्रे परत करत होते तेव्हा.
ते चालतं. आत तीन खोकी असतात,
बाहेर न बघता, नुसत्या हेलकाव्यांवरून
आपण कुठे आहोत ते सांगणारी,
डोळे बांधलेल्या तीन बहिणी.
दुसऱ्या तासाला धाकटी भरकटली.
दोघींचं एकमत होतं, म्हणून तिला गप्प केलं.
तिसऱ्या तासाला त्या दोघींचंच फाटलं.
अकरा मैल.

आई म्हणाली, गोत्रीच्या नव्या सोसायट्यांत
दोघं दोन रस्ते सांगतात, तेव्हा मी तिसऱ्याला विचारते.
हो. पण तिथे पानाचा गल्ला नव्हता.
खाली विषुववृत्त, काळंभोर,
मागे दोनशे चौसष्ट माणसं, झोपलेली,
एक बाळ सोडून.

कॅप्टन थरकननी पहिल्यांदा काय केलं, तर
काहीच केलं नाही.
नाक तेच, वेग तोच. खुर्ची जरा मागे सरकवली
आणि म्हणाले, घड्याळ सुरू कर.
मग रेडिओ, लांब पल्ल्याचा, शेव तळावी तसा चरचरणारा.
त्यात ओरडून सांगितलं: आमची खात्री गेली आहे.
हे वाक्य म्हणायला मला दोनदा घसा खाकरावा लागला.
मग कागदाचा नकाशा, मांडीवर.
शेवटचा पक्का बिंदू. तिथून रेघ.

एका अंशाची चूक साठ मैलांत एक मैल खाते.
मांडवीखालून एक अंश वाकडा निघालेला माणूस
अमदावादला दोन किलोमीटर बाजूला पोचतो,
रिक्षा करतो, घरी जातो.
बेटाला रिक्षा मिळत नाही, आई.
दीड हजार मैलांनंतर तिथे नुसतं पाणी असतं
आणि टाकीत राहिलेली मिनिटं.

आणि रेघेला वारा लागतो. वारा कुठून आणायचा?
पुढे चाळीस मैलांवर पडद्यावर एक ठिपका होता,
हिऱ्याच्या आकाराचा. हाक मारली.
मालवाहू निघालं. जाड आवाज,
नुकतंच तोंड धुतल्यासारखा, देश कळेना.
त्यानं आपलं ठिकाण दिलं, आकडा आकडा सुटा करून.
वारा एकशे दहावरून, म्हणाला, अडतीस.
मग जरा थांबून: पुन्हा सांगू?

तर त्याचा पत्ता, आणि आम्ही त्याच्या मागे चाळीस मैल.
तू सांगतेस तसंच,
दामल्यांच्या समोर, पिठाच्या गिरणीच्या मागे.
पेन्सिल टेकवली.
बिंदू दोघी बहिणींच्या मध्ये पडेल असं मला वाटलं होतं.
तो दोघींच्याही डावीकडे पडला.
थरकननी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं,
मग नाक वळवलं. चार अंश.
मागे कुणाचा कपही हलला नसेल.

दर दहा मिनिटांनी एक बिंदू. तेवीस बिंदू.
शेवटी बेटाच्या रेडिओची सुई थरथरली,
झोपलेल्या मांजराचा कान हलावा तशी,
आणि समोर आली. अगदी समोर नाही.
जरा उजवीकडे.

आता अहवाल लिहायचा आहे.
'केलेली कृती' या रकान्यात दीडच ओळ आहे.

आईनं तुकडा गॅलरीच्या कठड्यावर वाळत ठेवला,
लाल मिरच्यांच्या शेजारी. लाकूड फुगलं होतं.
"त्याचं नाव काय?"
कुणाचं?
"वारा सांगणाऱ्याचं."
माहीत नाही.
"विचारायचं ने," ती म्हणाली,
आणि उरलेलं धुणं पिळायला लागली.