दार लावून घ्या

बारा वर्षं मीटरचे आकडे टिपत हिंडतो आहे,
लाखांदूरच्या अंगाला एकोणीस गावं.
घर म्हणजे माझ्यासाठी
दाराच्या डाव्या हाताला, पाच फुटांवर
लुकलुकणारा लाल दिवा.
त्याच्या वर मी कधी पाहिलंच नाही.

म्हणून कापगत्यांचं घर घ्यायचं मनात आलं तेव्हा
उर्कुडा भोयरला गाडीवर मागे बसवून नेलं.
चाळीस उन्हाळे कवेलू फेरलेला माणूस,
उतारावर चालून चालून
पायांचे अंगठे बाहेर वळलेले.

भिंतींना नवा पोपटी रंग. बोटाला लागत होता.
मधल्या खोलीत वर निळी ताडपत्री,
चारी कोपऱ्यांना नवे खिळे.
"कचरा पडते ना जेवनात," कापगते म्हणाले.
उर्कुडाने चहा संपवला, बशी पालथी घातली.
"ताडपत्री काहाडा."
आणि ती निघाल्यावर:
"आता दार लावून घ्या. खिडकीबी."

मे महिना, भर बारा वाजलेले,
आणि आम्ही तिघं अंधारात उभे.
आधी काहीच नाही.
मग डोळे सरावले तसे
वरून उजेड गळायला लागला,
चवली, पावली,
एक बंदा रुपया तर थेट कापगत्यांच्या खांद्यावर.
उर्कुडा मान वर करून मोजत राहिला.
"सत्तावीस."
"वानरं हो," कापगते म्हणाले,
"चिचेवरून धपाधपा उड्या मारतेत."
"वानराचे नऊ. बाकीचे तुमचे."

विळ्याच्या मुठीनं त्यानं फाटे वाजवले.
ठण्ण, ठण्ण, ठण्ण, भद्द.
भद्दपाशी खिळा टोचला, अख्खा आत गेला,
आणि बेसनासारखी पिवळी भुकटी पडली
माझ्या इस्त्रीच्या बाहीवर.
"उधई. चार फाटे गेले."
मग सांदवाडीत जाऊन तो उताणा झोपला,
एक डोळा मिटून आढ्याकडे बघत,
इतका वेळ, की कापगत्यांना वाटलं निजला.
"आडं बिज्याचं हाये. सरळ हाये," उठून म्हणाला,
"मी जाईन, हे नाही जात."

"तं टिना टाकून द्या ना वरून," कापगते.
"टिनाखाली एक मे काढून पाहा," उर्कुडा.

काकू इतका वेळ रांधणीच्या दारात होत्या.
न बोलता पुढे आल्या
आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन दाखवत गेल्या:
"इथं गंज. इथं गुंड.
कोठीपाशी तांब्या पुरते, पन मघात नाही पुरत,
मघात बकेट."
सारवणात खरोखर गोल वळ होते,
मी त्यांच्यावरच उभा होतो.
कापगते खिशात काहीतरी शोधू लागले.
"अन् पलंग," काकू म्हणाल्या,
"पलंग त्या कोपऱ्यात टाकजा.
आमी वीस वर्सं चुकीच्या जागी टाकला."

मग उर्कुडानं माझ्याच रिडिंगच्या वहीत
हिशेब घालायला लावला:
चार फाटे, कमच्यांचे दोन भारे, सहाशे कवेलू.
कुंभाराची भट्टी बंद झाली, पण पलीकडच्या गावची शाळा
स्लॅबची झाली, तिची उतरवलेली
रचून पडली आहेत, जुनी, भाजलेली, पक्की.
पाच दिवसांची मजुरी. शिडी त्याची.
बावीस हजार तोडा म्हणालो.
कापगते पंधरावर अडले.
काकूंनी पुन्हा चहा ठेवला.

परत येताना नाल्यापर्यंत उर्कुडा गप्प.
"घेऊ का?" मी विचारलं.
उत्तर पूल ओलांडल्यावर आलं.
"पलंगाचं सांगाची तिले काही गरज नोती."

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर,
कुणाच्या तरी सपरीत आकडा टिपला
आणि मान आपोआप वर गेली. बराच वेळ.
घरची बाई हातातलं सूप घेऊन बाहेर आली,
घाबरून म्हणाली, "काऊन जी, बिल लय आलं का?"
म्हटलं, नाही.
तुमचं आडं सरळ आहे.