तांबडी शाई

शुक्रवारी शेवटच्या तासाला गारा पडतात.
केरिचोत हे नवं नाही.
पत्र्याखाली काही म्हणजे काही ऐकू येत नाही,
माझा आवाजसुद्धा.
मी फळ्यावर लिहिते : मनात वाचा.
एकोणसत्तर डोकी खाली वाकतात,
एकेका पुस्तकावर तीन तीन,
आणि मी खणातून माझी पानं काढते.
गारांच्या हिशेबानं वीस मिनिटं.
एक परिच्छेद. कधी दीड.

चारचा मटाटू.
पुढच्या सीटवर ड्रायव्हर, मी, आणि कुण्या बाईची कोंबडी,
एल्डोरेट येईपर्यंत.
मांडीवर वह्यांचा गठ्ठा, त्यावर प्रबंधाचं दुसरं प्रकरण.
वळण आलं की दोन्ही एकमेकांत सांडतात.
एकदा नांदीच्या घाटात
चेपकोरिरच्या भागाकाराला मी तळटीप दिली,
आणि विद्यापीठात दिलेल्या पानावर
बरोबरची खूण निघाली.
सरांनी काही विचारलं नाही.

माझा विषय : शिक्षकानं वहीत लिहिलेला शेरा
आणि त्यानंतर मुलानं लिहिलेलं वाक्य.
मीच निवडला, हौसेनं.
तेव्हा शाळेच्या कपाटात
चार आठवड्यांच्या वह्या पडून होत्या, न तपासलेल्या.
हे कुठं लिहायचं?
'संशोधनाच्या मर्यादा' या मथळ्याखाली?

डॉक्टर अरुसेई समासात लिहितात,
म्हणजे काय?
कशावरून?
हे तुम्ही म्हणता, की कुठं वाचलंत?
बारीक अक्षर, तांबडी शाई.
छत्तीस वर्षांची बाई मी, दोन लेकरांची आई,
वसतिगृहाच्या खाटेवर ते पान पालथं घातलं
आणि चहा करायला उठले.
आमच्याच डोंगरावरचा चहा. तोही गोड लागेना.

योसिया म्हणतो, झेपत नसेल तर सोड,
पगार काही उद्या वाढणार नाही.
खरंच आहे ते.
खोटं असतं तर भांडता आलं असतं.
रविवारी रात्री पोचते तेव्हा
त्यानं उगाली झाकून ठेवलेली असते,
आणि धाकटीनं माझं चित्र काढलेलं असतं :
एक पाठ, एक दिवा.

सोमवारी ओबारा टेबलापाशी आला.
हातात माझं पान,
त्याच्या वहीत चुकून गेलेलं.
"मॅडम, तुमचं पण चुकतं?"
वर्ग चिडीचूप.
गारा नव्हत्या त्या दिवशी, नाहीतर वाचले असते.
"चुकतं."
"मग तुम्हाला कोण मारतं?"

हसले सगळे, मीही हसले,
पान खणात सरकवलं ते संध्याकाळीच काढलं.
माझं वाक्य होतं :
शेरा नसलेली वही मूल पुन्हा उघडून बघत नाही.
शेजारी तांबड्यात, कशावरून?
आणि त्याच्याखाली पेन्सिलीनं,
वाकड्यातिकड्या इंग्रजीत,
हे खरं आहे. मी नाही बघत.

कपाटाची किल्ली कडी घासत फिरते, नेहमीच.
अकरा वह्या झाल्या.
बाराव्या वहीत पहिलंच वाक्य चुकलेलं होतं,
तांबडं पेन उचललं, आणि लिहिलं,
म्हणजे काय रे? सांग ना.
मग तिथंच, त्या वहीवरच, डोळा लागला.